चौथी मयाल

आमच्या बैठकीत आलेला पाहुणा चहाचा कप घेऊन खुर्चीत मागे टेकला, की त्याची नजर वर जाते. वर तीन सागवानी मयाली आहेत. एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जाणारं, वरचा सगळा भार अंगावर घेणारं जाड लाकूड, त्याला आमच्याकडे मयाल म्हणतात. तिन्ही मांडीएवढ्या जाड, जुन्या, काळपट तपकिरी. चौथीच्या जागी लोखंडी गर्डर आहे. त्याला विटकरी प्रायमर मारलेला आहे आणि तो तसाच ठेवला आहे.

"हे एक असं का हो?" पाहुणा विचारतो.

"लाकूड कमी पडलं," माझे यजमान म्हणतात.

लाकूड कमी पडलं नव्हतं. मी तिथल्या तिथे खरं काय ते सांगते, सांगताना मला पहिल्या दिवसाइतकाच राग येतो, आणि पाहुणे गेल्यावर यजमान म्हणतात, "अगं, चार लोकांत कशाला?" म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

मी मेहकरला शाळेत शिकवते. माझं माहेर अमडापूरचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि मी गेले ती बाबांमुळे. मला चिखलीची बस पकडता यावी म्हणून बाबा शेतावर जायची वाट सोडून रोज सकाळी माझ्याबरोबर फाट्यापर्यंत यायचे. बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे, मग उलट चालत शेतावर. स्वतः चौथीपर्यंत शिकले. पण गावात कुणाचं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर उभं राहत असलं, की मयाल चढवायच्या दिवशी बाबांना बोलावणं यायचंच. कोणतं लाकूड कुठे टाकायचं हे ते सांगायचे आणि बाकीचे ऐकायचे. गावात त्यांचं ऐकलं जायचं, एवढं लक्षात असू द्यावं.

मेहकरला आम्ही प्लॉट घेतला आणि घराचा नकाशा काढून घेतला. नकाशात सगळीकडे स्लॅब होता. बाबांनी नकाशा आडवाउभा करून पाहिला.

"पुढच्या खोलीवर काऊन टाकते स्लॅब? मे महिन्यात तिथं बसून पेपर तपासशीन का भाजून निघशीन?"

"मग काय टाकायचं?"

"चार मयाली टाक. त्यावर फळ्या. वर तुह्या पुस्तकाईले माळा होईन, अन् त्याच्या वर पत्रे. खाली गार राह्यते. लाकूड मी पाहून देतो."

पुस्तकांचा माळा म्हटल्यावर मी विरघळले.

जळगाव जामोदला एक जुनं घर पाडून त्याचं लाकूड विकायला काढलं होतं. सातपुड्यातलं सागवान, म्हणून बाबांना तेच हवं होतं. आम्ही दोन बस बदलून गेलो. विकणारा चाळिशीचा, बडबड्या. त्याने आम्हाला आधी एक नक्षीची, चमचमणारी मयाल दाखवली. मला ती तिथल्या तिथे आवडली. बाबा तिच्या टोकाशी उकिडवे बसले आणि अंगठ्याचं नख दाबलं. बटाट्यात जावं तसं नख आत गेलं.

"हिले पॉलिश काऊन मारलं ते समजलं," बाबा म्हणाले आणि उठले.

मग त्यांनी एकेक लाकूड तपासायला घेतलं. एका टोकाला मला उभं केलं, हातात गोटा दिला आणि ठोकायला सांगितलं. स्वतः दुसऱ्या टोकाला कान लावून बसले.

"काका, कानाले लावून काय आयकता? फोन आला का त्यातून?" विकणारा म्हणाला.

"हो, आला. म्हंते, या मालकानं मले चार वर्स पावसात ठेवलं."

"चार नाही हो, दोनच!" तो बोलून गेला आणि मग स्वतःच हसत सुटला. ते लाकूड बाबांनी सोडलं.

ठणठणीत आवाज पाहिजे, बद्द नको. बारीक भोकांतून पीठ गळतंय का ते बघायचं. टोकावरची वाढीची वर्तुळं मोजता येतील इतकी स्पष्ट पाहिजेत. आणि लाकडाला पाठ असते आणि पोट असतं. कितीही सरळ दिसो, सागाचा लांब तुकडा एका अंगाने किंचित फुगलेला असतोच. ती पाठ. ती वर ठेवायची, म्हणजे भार पडल्यावर लाकूड सरळ होतं. पोट वर ठेवलं तर मयाल वर्षागणिक लोंबत जाते. हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा शिकले. एवढी वर्षं ज्या माणसाच्या घरात वाढले त्याच्याकडून. याआधी कधी विचारलंच नव्हतं.

दुपार कलेपर्यंत चार मयाली निघाल्या. बाबांनी चौघींच्या पाठीवर गेरूची लांब रेघ ओढली.

मयाली मेहकरला प्लॉटवर येऊन पडल्यावर बाबा एक बाटली घेऊन आले. बिब्याचं तेल. मयालीचं जे टोक भिंतीत जातं तिथेच ती सडते, तिथेच उधई म्हणजे वाळवी लागते, म्हणून टोकाला वीतभर बिबा पाजायचा. काठीला चिंधी बांधून त्यांनी आठही टोकांना तीन तीन हात दिले. लाकूड काळंकुट्ट झालं. बिबा उडाला की कातडीवर उततो, फोड येतात, हे माहीत असूनही त्यांच्या उजव्या हातावर तो उडालाच. कोपरापर्यंत हात सुजला, काळा पडला, पाणी भरलेले फोड आले. दोन आठवडे खोबरेल लावत होते आणि डाव्या हाताने जेवत होते. आईने विचारलं तर म्हणाले, "लेकीच्या घराचं काम हाये, थोडा तर उतनच."

बांधकाम सुरू झालं तेव्हा नकाशा काढणारे साहेब एकदा साइटवर आले. बाबांनी त्यांना सांगायला सुरुवात केली, की मयालीच्या टोकाभोवती सिमेंट भरायचं नाही, खाली दगड ठेवायचा आणि टोकाला हवा खेळायला बोटभर जागा ठेवायची. साहेब घड्याळ बघत होते. आणि मी, त्यांची पदवीधर मुलगी, मधेच म्हणाले, "बाबा, ते बघतील ना. त्यांना माहीत असतं." बाबा थांबले. साहेब माझ्याकडे बघून हसले, आणि मला तेव्हा ते हसणं बरं वाटलं होतं. हे लिहिताना माझे कान तापतात.

मयाली चढवायचा दिवस ठरला. त्या दिवशी शाळेत पालकसभा होती, यजमानांना ऑफिसला सुट्टी नव्हती. बाबा म्हणाले, मी आहे ना. सकाळच्या बसने ते आलेसुद्धा.

साडेअकराला माझा फोन वाजला. मी पालकांसमोर उभी होते. घरी मुलांचं म्हणणं ऐकून घेत जा, त्यांना विचारत जा, असं काहीतरी सांगत होते. मिस्त्रीचा नंबर बघून मी व्हरांड्यात गेले.

"मॅडम, लाकडाची टोकं काळी पडली हायेत. सडली असन वाटते. कापून टाकू का?"

"खराब असतील तर कापा," मी म्हणाले. "आणि जरा लवकर आवरा."

एवढंच. अर्धा मिनिट लागलं नसेल. ती टोकं काळी का आहेत हे मला माहीत होतं. तो सुजलेला हात मी पाहिला होता. पण माझ्या डोक्यात सभा होती, समोर लोक बसले होते, आणि कामाच्या माणसाने फोन करून विचारलं की आपण हो म्हणायचं, ही सवय लागली होती. मी विचार केला नाही. "बाबा तिथेच आहेत, त्यांना विचारा," हे पाच शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

चार वाजता साइटवर पोचले तेव्हा चारही मयाली वर चढल्या होत्या. टोकांभोवती सिमेंट ठासून भरलं होतं, अजून ओलं होतं. दोघींची गेरूची रेघ खालून दिसत होती, म्हणजे पोट वर. आणि वाळूच्या ढिगाशेजारी वीतभर लांबीचे आठ काळे तुकडे पडले होते. एकेक तुकडा ओंडक्यासारखा, कापलेली बाजू ताजी, पिवळी, तेलकट. सागवानाचा वास सगळीकडे सुटला होता.

बाबा समोरच्या रिकाम्या प्लॉटमधल्या बाभळीखाली बसले होते. साइटपासून वीस पावलांवर.

"बाबा, हे काय झालं?"

"तुले फोन करून इचारलं म्हणे त्यानं."

"हो, पण..."

"तू कापा म्हणाली?"

"हो."

"मंग झालं," बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता.

घमेली वाहणारी एक बाई हात धूत होती. तिने मला बाजूला घेतलं. "मॅडम, करवत लावली तवा बाबा धावत आलते. बिबा हाये, बिबा हाये, म्हणून वरडत होते. मिस्तरी म्हणाला, मॅडमनं सांगतलं. तुमचं नाव काढल्यावर बाबा काहीच बोलले नाही. परत जाऊन बसले."

तिने सांगितलं ते ऐकून मला आला तो राग होता, हे मला नंतर कळलं. कारण त्यातला निम्मा माझ्यावर होता आणि तो कुठे काढायचा ते माहीत नव्हतं. उरलेला निम्मा घेऊन मी मिस्त्रीकडे गेले.

"बाबा तुम्हाला बिबा म्हणून सांगत होते, ऐकू आलं नाही?"

"आलं ना मॅडम. पण तुमी फोनवर म्हणल्या कापा. मी कोणाचं आयकू? घर तुमचं हाये."

"नख लावून पाहिलं होतं? दाबून पाहिलं होतं, सडलंय का ते?"

"काळं दिसलं..."

"काळं दिसलं! माझ्या बापाचा हात सडला नव्हता, तो पण काळाच दिसत होता! तो कापला असता का?"

कामावरची माणसं थांबली. मिस्त्रीने कान खाजवला. "मॅडम, बाबा बाबा करता. बाबाईच्या टायमाले लाकडाचे घरं होते. आता सिमेंटात कोणी हवा ठेवत नाही. उलट घट्ट बसलं ते. पक्कं काम हाये, मी ग्यारंटी देतो."

"किती टेकलीय भिंतीवर?"

तो दुसरीकडे बघत थापी पुसायला लागला.

"मोजा."

मोजलं. तीन मयाली दोन्हीकडे कशाबशा चार चार बोटं टेकत होत्या. चौथी मूळची जरा आखूड होती. तिचं एक टोक भिंतीच्या कडेवर नुसतं अडकलं होतं, आणि तो भाग सिमेंटच्या लपेट्याने झाकला होता. झाकला होता, हे मला आजही विसरता येत नाही. चूक झाली, ठीक. चूक मीही केली होती. पण कमी पडतंय हे त्याला दिसलं होतं, आणि त्याने ते लिंपून टाकलं होतं. त्या खोलीत आम्ही सगळे बसणार होतो.

"सगळं खाली उतरवा," मी म्हणाले. "आत्ता. सिमेंट ओलं आहे तोवर."

तेवढ्यात यजमान ऑफिसातून आले. त्यांना बाजूला घेऊन मिस्त्री बोलू लागला. सर, मॅडमले समजावा, दिवसभराचं काम वाया जाईन, आणि असं बरंच. यजमान माझ्याकडे आले. "अगं, फळ्या टाकल्यावर काही दिसणार नाही. खालून पीओपी करून घेऊ. छान दिसेल."

"छान दिसण्यासाठी बाबांनी हात भाजून घेतला नाही."

"मला तसं म्हणायचं नाही..."

"मग म्हणू नका."

लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. आणि ते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं, शर्टाच्या बाह्या वर करून मयाल उतरवायला दोर धरायला गेले.

पण बाबा बाभळीखालून उठले नव्हते. उतरवायची कशी, पुढे करायचं काय, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मिस्त्री उभा, माणसं उभी, मी उभी. मी वीस पावलं चालत गेले.

"बाबा, मी चुकले. मला माहीत होतं ते काळं कशाने आहे. तुम्हाला विचारायला सांगायचं सोडून मी कापा म्हणाले."

बाबांनी जमिनीवरची काडी उचलली, मोडली. "मले वाटलं, शिकलेली हाये, काहीतरी इचार केला असन."

"नव्हता केला."

"हं." मग धोतर झटकत उठले. "चाल. अंधार पडायच्या आत उतरवू."

ते आले आणि पहिला शब्द मिस्त्रीलाच बोलले, "दोर त्या अंगानं घे बे, डोक्यावर घेतं का!" आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघून काम करत होती.

तीन मयाली वाचल्या. भिंतीतून पुढे आलेले दगडी टेकू बसवले, त्यावर चार बोटांची टोकं नीट टेकली आणि भोवती हवेला जागा राहिली. चौथीला बाबांनी हात लावून पाहिलं आणि मान हलवली. "हिचं काम गेलं. टेकूवर बी पुरत नाही." जी चौथी गेली ती चौघींत उत्तम होती. जळगाव जामोदला गोटा मारल्यावर देवळातल्या घंटेसारखी वाजली होती ती हीच.

कापलेल्या नव्या टोकांना पुन्हा बिबा पाजायचा होता. बाबा बाटली उघडायला लागले. मी ती त्यांच्या हातातून घेतली.

"उतन बाई. तुले रोज फळ्यावर लिहा लागते."

"उतू द्या."

त्यांनी चिंधी कशी गुंडाळायची तेवढं दाखवलं. बिबा उडाला. मनगटापासून वरपर्यंत फोड आले, आठवडाभर डाव्या हाताने फळ्यावर वाकडं लिहिलं, पोरं हसली. एक डाग अजून आहे. त्याने माझी चूक फिटली असं मी म्हणत नाही. मयाल परत लांब झाली नाही.

मयाली पुन्हा चढल्या तेव्हा बाबा खाली उभे होते आणि रेघ कुठल्या अंगाला आहे हे मी ओरडून सांगत होते. तिन्ही पाठी वर गेल्या. चौथ्या जागी गर्डर आणला. यजमानांनी सुचवलं, लाकडासारखा रंग देऊ, कुणाला कळणार नाही. मी नाही म्हणाले. कळू दे. मलाही रोज कळू दे.

ते आठ काळे तुकडे बाबांनी पोत्यात भरून ठेवले. त्यांतले दोन आमच्या माठाखाली आहेत. त्यांच्यावर दिवसरात्र पाणी ठिबकतं, फरशी शेवाळते, पण त्या तुकड्यांत अजून नख जात नाही. मी अधूनमधून दाबून बघते आणि पुन्हा चिडते.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले होते. दुपारी पुढच्या खोलीत आम्ही दोघं बसलो होतो; वर माळ्यावर पुस्तकं, खाली खरंच गार. माझा फोन वाजला. मिस्त्रीचा नंबर. इतक्या महिन्यांत त्याचा फोन आला नव्हता आणि यावा अशी माझी इच्छाही नव्हती.

"मॅडम, एका जागी जुनं घर उकलून राह्यलो. पार्टीले तेच लाकूड परत वापरा लागते. टोकं काळी हायेत. बिबा असन का सडलं असन? त्याईचा पोरगा म्हंतो कापून टाका."

माझ्या तोंडात चांगली चार वाक्यं तयार होती. ग्यारंटीबद्दल, सिमेंटच्या लपेट्याबद्दल. कितीतरी दिवस मनात घोटून ठेवलेली. बाबा माझ्याकडे बघत होते. फोनमधला आवाज त्यांनी ऐकला असावा, कारण ते सरळ होऊन बसले होते.

"हे मला विचारू नका," मी म्हणाले, आणि फोन बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला. "बोल मिस्तरी. करवत हातात असन तर पह्यले खाली ठेव. ठेवली? आता अंगठ्याचं नख लाव. जोरानं दाब. जाते का आत?"

पलीकडे काहीतरी खटपट ऐकू आली. बाबा डोळे मिटून, फोन कानाला घट्ट लावून वाट बघत बसले. मी वर गर्डरकडे बघत होते.

"नाही जात? मंग कायले कापतं बे?" बाबा म्हणाले. "दुसरं टोक पाह्य. मी हाये फोनवर."